सत्कार कशाचा, नोटीस कशाची?

आमच्या वाशीम जिल्ह्यातील एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गुड्डा-गुड्डी फलक आहे. एका बाजूला मुलीचे चित्र, दुसऱ्या बाजूला मुलाचे, आणि खाली त्या वर्षी जन्मलेल्या मुला-मुलींचे आकडे. गाव अडीच हजार वस्तीचे. एका वर्षी त्या फलकावर २२ मुली आणि १६ मुलगे अशी नोंद झाली. हजार मुलांमागे मुली किती, असा हिशेब मांडला तर १,३७५! गावाचा सत्कार झाला. आशाताईला साडी-चोळी, नारळ आणि प्रशस्तिपत्र मिळाले. पुढच्या वर्षी फलकावर १५ मुली आणि २२ मुलगे आले. हिशेब ६८२. आता गाव 'धोक्याच्या यादीत' गेले आणि त्याच आशाताईला खुलासा मागणारे पत्र आले. मी गावात गेले तेव्हा ते पत्र तिने मला दाखवले आणि म्हणाली, "ताई, मांगच्या साली पोरी झाल्या त माहा सत्कार केला. औंदा पोट्टे झाले त मले नोटीस. दोन्ही साली काम त म्या तेच केलं न!"

तिच्या या एका वाक्यात संख्याशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम आला आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही. मी तिला धीर दिला, खुलाशाचा मजकूर लिहून दिला आणि परतले. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात मी संख्याशास्त्राचा पेपर दिलेला होता. काय-स्क्वेअरची कोष्टके पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरलेही होते. आपल्यातल्या बहुतेकजणींचे असेच होते. 'आकडे' हे सरकारचे आणि देणगीदारांचे काम, आपले काम बायकांच्या सुखदुःखाचे, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. ही वाटणी आपल्याला महागात पडते आहे, असे मला आता वाटते. या लेखात तेच मांडायचे आहे.

मडक्यातले दाणे

गेल्या काही शिबिरांत आम्ही एक साधा खेळ करतो. एका मडक्यात १,००० सोयाबीनचे आणि ९५० तुरीचे दाणे टाकायचे. सोयाबीन म्हणजे मुलगा, तूर म्हणजे मुलगी. ९५० का? निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे एकशे पाच मुलगे जन्माला येतात, म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. प्रत्येकीने डोळे मिटून ३८ दाणे काढायचे, मोजायचे, आणि दाणे परत मडक्यात टाकून मडके पुढच्या बाईकडे सरकवायचे. ते ३८ दाणे म्हणजे तिच्या गावात त्या वर्षी झालेले जन्म.

एका शिबिरात चोवीसजणी होत्या. एकीला २४ तुरी आणि १४ सोयाबीन मिळाले, म्हणजे तिच्या 'गावा'चे प्रमाण १,७१४. दुसरीला १३ तुरी आणि २५ सोयाबीन, म्हणजे ५२०. आम्ही फळ्यावर क्रमवारी लावली, पहिल्या तिघींना टाळ्या वाजवल्या आणि शेवटच्या तिघींना उभे करून 'तुमच्या गावात असे का?' म्हणून विचारले. मग सगळ्या हसत सुटल्या, कारण त्या मडक्यात कुणी गर्भलिंगनिदान केले नव्हते आणि कुणी जनजागृतीची फेरीही काढली नव्हती. पुन्हा दाणे काढल्यावर पहिली खाली गेली आणि शेवटची वर आली.

हिशेब सांगतो की ३८ जन्मांच्या गावात काहीही गैरप्रकार नसताना, केवळ योगायोगाने, साधारण सहापैकी एका वर्षी २२ किंवा त्याहून जास्त मुली जन्मतील. आमच्या जिल्ह्यात जवळपास पाचशे ग्रामपंचायती आहेत. त्या सगळ्या एवढ्याच आकाराच्या धरल्या तर दरवर्षी ऐंशीच्या आसपास गावे काही न करता सत्काराला पात्र ठरतील आणि जवळजवळ तेवढीच काही न करता गुन्हेगार ठरतील. सत्कार झालेले गाव पुढच्या वर्षी खाली येणार आणि नोटीस मिळालेले गाव वर जाणार, हेही त्यातच आले. टोकाला गेलेला आकडा पुन्हा सरासरीकडे सरकतो. मग अधिकाऱ्यांना वाटते, 'नोटीस दिली की गाव सुधारते आणि सत्कार केला की शेफारते.' प्रत्यक्षात नोटिशीचाही परिणाम नसतो आणि सत्काराचाही.

आमचा खरा प्रश्न

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की वाशीममध्ये मुलींची संख्या घटणे हाच एक योगायोग आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत येथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१८ मुली होत्या. २०११ साली त्या ८६३ झाल्या. याच काळात राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला, म्हणजे आमची घसरण राज्याच्या जवळजवळ तिप्पट. जनगणनेतला हा आकडा अडतीस बाळांचा नाही, दीड लाखाहून अधिक मुलांचा आहे. एवढ्या मोठ्या आकड्यात योगायोगाने फार तर नऊ-दहा अंक इकडेतिकडे होतील. साडेनऊशे आणि ८६३ यांच्यातली दरी योगायोगाची नाही, ती माणसांनी पाडलेली आहे. ढोबळ हिशेब केला तर एका जिल्ह्यात, त्या एका वयोगटात, सात हजारांच्या आसपास मुली असायला हव्या होत्या आणि नव्हत्या.

म्हणूनच २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतहून 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे दहा जिल्हे होते, त्यांत वाशीम होता. शेजारचा बुलढाणाही होता. २०१६ मध्ये आणखी ६१ जिल्हे वाढले आणि मार्च २०१८ मध्ये योजना देशभर झाली. सुरुवातीचे उद्दिष्ट होते, निवडलेल्या जिल्ह्यांत जन्माच्या वेळचे लिंगगुणोत्तर वर्षाला दहा अंकांनी वाढवायचे. पुढे ते वर्षाला दोन अंकांवर आणले गेले.

आता मडक्यातले गणित या उद्दिष्टाला लावून पाहू. त्यासाठी एक सोपे सूत्र सांगते, मोबाइलच्या गणकयंत्रावर करता येते. वर्षभरात जितके जन्म झाले त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि ३,७०० ला त्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे अंक वर किंवा तेवढे अंक खाली, ही योगायोगाची मुभा. (लहान गावांना हे सूत्र ढोबळच लागू पडते, पण अंदाजाला पुरते.) वाशीमची लोकसंख्या २०११ साली बारा लाखांच्या जवळ होती. वर्षाला वीस हजार जन्म धरू. वर्गमूळ १४१, उत्तर सुमारे २६. म्हणजे संपूर्ण जिल्ह्याचा आकडासुद्धा काहीही न बदलता २६ अंक वर किंवा खाली जाऊ शकतो. सहा तालुक्यांपैकी एका तालुक्यात सव्वातीन हजार जन्म धरले तर ६५ अंक. पाचशे जन्मांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला १६५ अंक. आणि या वर्षाची तुलना गेल्या वर्षाशी करायची तर दोन्ही वर्षांचा योगायोग एकत्र येतो, मुभा आणखी १.४ पटीने वाढते. जिल्ह्याला ३७, तालुक्याला सुमारे ९०.

जिथे ३७ अंकांपर्यंतचा चढउतार योगायोगाने होऊ शकतो, तिथे दहा अंकांची वाढ 'झाली' म्हणून आनंद करायचा की 'झाली नाही' म्हणून दुःख? एका वर्षातली दहा अंकांची वाढ खात्रीने ओळखायची तर वर्षाला पावणेतीन लाख जन्म लागतील, म्हणजे चौदा वाशीम जिल्हे एकत्र करावे लागतील. दोन अंकांचे तर बोलायलाच नको. तरीही दरवर्षी आकडे येतात, क्रमवारी लागते, फ्लेक्स लागतात. २०१८ पासून वाशीम 'आकांक्षित जिल्हा' म्हणूनही निवडला गेला, तिथे तर क्रमवारी दरमहा लावली जाऊ लागली. आरोग्य, शिक्षण, शेती अशा अनेक निर्देशांकांत अशीच उलथापालथ चालते आणि तीत योगायोग किती हे कुणी विचारत नाही.

माझा अहवाल

दुसऱ्याला बोलण्याआधी माझे सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रकल्पाचा वार्षिक अहवाल मी लिहिला होता. आम्ही एका तालुक्यात काम करत होतो. किशोरींचे गट, नवविवाहितांचे मेळावे, सासवांच्या बैठका, सगळे मनापासून केलेले. त्या वर्षी तालुक्याचे गुणोत्तर ४१ अंकांनी वाढले. मी ठळक अक्षरांत लिहिले, 'प्रकल्पाच्या हस्तक्षेपामुळे ४१ अंकांची वाढ.' देणगीदार खूष झाले. पुढच्या वर्षी आकडा पन्नास अंकांनी घसरला. तेव्हा मी लिहिले, 'पुरुषसत्ताक मानसिकता अजूनही खोलवर रुजलेली असल्याने...' चढला तर आमचे काम, उतरला तर समाजाची मानसिकता. दोन्ही वाक्ये लिहिताना माझा हात थबकला नाही. वर दिलेली ९० अंकांची मुभा तेव्हा ठाऊक असती तर दोन्ही वाक्ये खोडावी लागली असती.

योगायोग बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. 'आधी' आणि 'नंतर' एवढीच तुलना करून 'योजनेमुळे' हा शब्द वापरता येतो का? वाशीमचेच पाहा. २०११ आणि २०१५ नंतरची वर्षे यांच्यामध्ये काय काय घडले? २०१२ साली बीड जिल्ह्यातले परळीचे प्रकरण उघडकीला आले आणि राज्यभर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या सुरू झाल्या. २०१६ पासून राज्याची 'माझी कन्या भाग्यश्री' योजना आली. मुलीच्या नावे पैसे मिळणार म्हटल्यावर मुलीची जन्मनोंद तातडीने होऊ लागते. मुली तितक्याच जन्मल्या, पण नोंद जास्त झाली, तरी गुणोत्तर वाढलेले दिसते. खाजगी दवाखाने आपली बाळंतपणे सरकारी प्रणालीत भरू लागले तरी आकडा बदलतो. आमच्या कितीतरी बायका बाळंतपणाला माहेरी किंवा अकोल्याला जातात, ते जन्म दुसऱ्याच जिल्ह्याच्या खात्यात पडतात. या सगळ्यातून 'बेटी बचाओ'चा वाटा वेगळा कसा काढणार?

तुलना कुणाशी?

संख्याशास्त्राने या प्रश्नाला जी उत्तरे शोधली आहेत ती मुळात साध्या व्यवहारज्ञानाची आहेत. आपल्या पराटीला नवीन खत घातले आणि पीक वाढले, तर शेजारची बाई काय विचारते? 'खत नाही घातलं त्या धुऱ्यापलीकडच्या वावरात किती झालं?' पाऊस दोन्हीकडे सारखा पडलेला असतो. पलीकडेही पीक तितकेच वाढले असेल तर श्रेय पावसाचे. योजनांच्या मूल्यमापनात यालाच तुलनेचा गट म्हणतात, आणि दोन्हीकडच्या वाढीतला फरक काढणे म्हणजे 'फरकातला फरक'. वाशीम २०१५ पासून योजनेत होता, शेजारचे अकोला आणि यवतमाळ २०१८ पर्यंत नव्हते. त्या तीन वर्षांत तिन्ही जिल्ह्यांत काय झाले, हे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची आयती संधी होती. अर्थात त्यातही सावधपणा हवा. हे जिल्हे आधीपासून एकाच चालीने चालत होते का, हे आधीच्या वर्षांचे आकडे घेऊन तपासावे लागते. पण फ्लेक्सवरच्या आकड्यापेक्षा ही तुलना कितीतरी प्रामाणिक झाली असती.

विदर्भाला ही पद्धत नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत काम केले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. जन्म आणि बालमृत्यू दोन्हीकडे मोजले. कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी बासष्टच्या आसपास होता तो पंचवीसवर आला, तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेची गावे नसती तर 'रस्ते झाले, शिक्षण वाढले, म्हणून मृत्यू कमी झाले' असे कुणीही म्हणू शकले असते. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी घरभेटी करू लागल्या त्यामागे या मोजणीचे बळ होते. म्हणजे चांगले मोजमाप आपल्या कामाच्या विरोधात जात नाही, ते काम पुढे नेते.

याहून पक्की पद्धत म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. पहिल्या वर्षी कोणत्या गावांत योजना न्यायची हे पुढाऱ्याच्या शिफारशीने न ठरवता चिठ्ठीने ठरवायचे. मग दोन्हीकडची गावे सर्व बाबतीत सरासरीने सारखी असतात आणि नंतर दिसणारा मोठा फरक योजनेचाच म्हणता येतो. २००४ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात संपूर्ण स्वच्छता अभियानाचा असा अभ्यास झाला. साठ गावे, त्यांतली निम्मी चिठ्ठीने निवडलेली, आणि मोजले काय, तर लहान मुलांची उंची. अभियानाच्या गावांत मुलांची उंची वाढल्याचे दिसले. हा प्रयोग तीन जिल्ह्यांत करायचे ठरले होते, प्रत्यक्षात एकाच जिल्ह्यात पार पडला. म्हणून तो निष्कर्ष सगळ्या महाराष्ट्राला लागू करता येतो का, हा प्रश्न अभ्यासकांनी स्वतःच उपस्थित केला. मला हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो.

चिठ्ठ्यांबद्दल आपल्या बैठकीत एकीने चांगला प्रश्न विचारला होता, 'बायका म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर आहेत का?' प्रश्न रास्तच आहे. जे उपयोगी आहे हे आधीच सिद्ध आहे, ते कुणालाही नाकारून प्रयोग करता कामा नये. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी अर्ध्या जिल्ह्यात थांबवा, असे कुणीही म्हणणार नाही. पण सरकारकडे पैसे पहिल्या वर्षी शंभरच गावांपुरते असतात तेव्हा बाकीची गावे तशीही थांबणारच असतात. कोण थांबणार हे वशिल्याने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरणे जास्त न्यायाचे नाही का? आणि काहीच न मोजता उपयोग नसलेली योजना दहा वर्षे सगळ्यांवर लादणे, हाही प्रयोगच असतो. फक्त त्याचा निकाल कुणी लिहून ठेवत नाही.

चिठ्ठी नसेल तेथे कधी कधी सरकारी नियमच तुलना करून देतो. 'लेक लाडकी' योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांतल्या मुलींसाठी आहे. जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १,०१,०००. मार्च २०२३ मध्ये जन्मलेली मुलगी आणि एप्रिल २०२३ मध्ये जन्मलेली मुलगी यांच्या घरांत फारसा फरक नसतो. एकीला पैसे मिळतात, दुसरीला नाही. या दोन्ही मुलींचे वजन, लसीकरण, पुढे शाळेतले टिकणे आणि लग्नाचे वय यांची तुलना केली तर या पैशाने मुलीचे आयुष्य बदलते का, हे कळू शकेल. त्यासाठी आजपासून नीट नोंदी हव्यात.

चुकीच्या मोजणीची किंमत

कुणी म्हणेल, योजनेचा हेतू चांगला आहे, आकड्यांचा कीस कशाला काढता? त्याचे उत्तर मला एका बाईने दिले. तिला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले, तेही साधन वापरत असताना. रक्त कमी, अंगात ताकद नाही. दहाव्या आठवड्यात ती गर्भपातासाठी गेली. १९७१ चा कायदा, २०२१ ची दुरुस्ती, सगळे तिच्या बाजूने होते. गर्भाचे लिंग कळण्याची वेळही आली नव्हती. तरी तिला परत पाठवले. 'दोन मुलींच्या आईचा गर्भपात केला तर आमच्यावर येईल, आमचा आकडा बिघडेल.' तिने मेडिकलमधून कुणाकरवी गोळ्या आणवल्या. चार दिवस अंगावर जात राहिले. ती वाचली, पण ते तिच्या नशिबाने.

जिथे आकड्यावर सत्कार आणि नोटीस ठरते, तिथे आकडा सांभाळला जातो आणि बाई वाऱ्यावर सोडली जाते. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी लढून १९८८ चा राज्याचा कायदा आणला, १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. त्या लढ्यात आपण सतत सांगत होतो की गर्भपाताचा हक्क वेगळा आणि लिंगनिवड वेगळी. आकड्याच्या दडपणाखाली ही रेघ पुसली जाते आहे. पाळत मशीनवर ठेवायची ती गरोदर बाईवर ठेवली जाते, कारण ते सोपे आहे.

दुसरी किंमत पैशाची. संसदेच्या महिला सबलीकरण समितीने, जिच्या अध्यक्ष नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित होत्या, डिसेंबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले की २०१६ ते २०१९ या काळात 'बेटी बचाओ'चा सुमारे ७९ टक्के निधी प्रसिद्धीवर गेला. योजनेचे यश दहा अंकांच्या चढउतारावर मोजले जात असताना कुठला खर्च कामाचा आणि कुठला वाया, हे कळणार कसे? पैसा मग फलकांवर जातो, कारण फलक डोळ्यांना दिसतो.

आपण काय मागायचे?

आकड्यांशी आपले वैर नाही. २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि धूळ खात पडलेल्या कायद्याची अंमलबजावणी करायला सरकारांना भाग पाडले. त्यामागे घसरत्या गुणोत्तराचा पुरावा होता. अनुभव आपल्याला सांगतो की काय घडते आहे, आणि मोजणी सांगते की ते किती घरांत घडते आहे. दोन्ही लागतात. ज्या बाईचा अनुभव कुणी ऐकत नाही, तिच्यासारख्या हजारजणी आहेत हे मोजून दाखवता आले तर ऐकावे लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या भेटीत आपण एवढ्या गोष्टी मागू या.

पहिली, गाव आणि उपकेंद्र पातळीवर गुणोत्तराची क्रमवारी बंद करा. फलकावर मुली किती आणि मुलगे किती हे जरूर लिहा, पण त्यावरून कुणाचा सत्कार नको आणि आशाताईला नोटीसही नको. जिल्ह्याचा आकडा पाच-पाच वर्षांचा एकत्र करून सांगा. पाच वर्षांत एक लाख जन्म धरले तर योगायोगाची मुभा बारा अंकांवर येते, तेव्हा बोलण्यासारखे काही हाती लागते.

दुसरी, आकडा जन्मक्रमानुसार द्या. पहिल्या बाळंतपणात लिंगनिवड फारशी होत नाही. ती होते पहिली मुलगी असताना, आणि दोन मुली असताना तर अधिकच. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की देशात पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या बाळाचे गुणोत्तर १९९० मधल्या ९०६ वरून २००५ पर्यंत ८३६ वर घसरले होते. सरसकट सरासरीत हे लपते. दोन मुलींनंतरच्या जन्मांचा आकडा वेगळा मागितला तर खरे दुखणे कुठे आहे ते लवकर कळेल. मात्र हा आकडा जिल्ह्याचा मागायचा, घराघराचा नाही. नाहीतर दोन मुलींच्या आईवर आणखी एक पहारा बसेल.

तिसरी, ज्यांचे काम मोजायला हवे त्यांचे मोजा. किती सोनोग्राफी केंद्रे तपासली, किती ठिकाणी नोंदी अपुऱ्या सापडल्या, किती खटले भरले, किती निकालात निघाले, निधी कशावर खर्च झाला. या आकड्यांत योगायोगाचा भाग थोडा आणि जबाबदारीचा भाग मोठा.

चौथी, कोणतीही नवी योजना आणताना तुलना कुणाशी करणार हे आधीच ठरवा आणि जाहीर करा. निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करा.

पाचवी मागणी आपल्या स्वतःकडेच. आपल्या संस्थांच्या अहवालांत 'आमच्यामुळे' हा शब्द लिहिण्यापूर्वी मडक्यातले दाणे आठवायचे. 'आम्ही हे काम केले, एवढ्या बायका आल्या, आकडा एवढा बदलला, पण तो आमच्यामुळे बदलला असे आज म्हणता येत नाही,' असे वाक्य लिहायचे धाडस करायचे. देणगीदार नाराज होतील. पण पुढच्या वर्षी आकडा घसरला तर खोटे कारण शोधावे लागणार नाही.

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. २०२१ ची पुढे ढकलली गेली, लोकसंख्येची गणना आता २०२७ साठी ठरली आहे. तिच्यातून वाशीमच्या मुलींचा खरा आकडा कळेल. तो चांगला आला तर श्रेयाचे फ्लेक्स लागतील, वाईट आला तर नोटिशी निघतील, आणि त्या पुन्हा आशाताईच्याच हातात पडतील. त्या आधी आपण गावोगावी मडकी घेऊन बसू या. आमच्या त्या आशाताईने तो खेळ दोनदा खेळला. दुसऱ्यांदा तिच्या हाती २० तुरी आणि १८ सोयाबीन आले. दाणे परत मडक्यात टाकत ती म्हणाली, "आता साहेबायले बी बसवा न येथी, काढू द्या त्यायले मूठभर."

खरेच, पुढच्या शिबिराला साहेबांना बोलावायचे आम्ही ठरवले आहे.